जर्मन ग्राहकाने लाचविरोधी कागदावर सही मागितली आहे, काय करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला तुमचं मशीनशॉप आहे, पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग करता. आजवर तुमचा माल मोठ्या फौंड्रीच्या नावानं बाहेर जायचा. आता पहिल्यांदाच एका जर्मन कंपनीची थेट ऑर्डर हाताशी आली आहे. ऑर्डरसोबत पुरवठादारांची आचारसंहिता आली. तीत लिहिलंय की तुम्ही किंवा तुमच्या वतीनं कुणीही लाच देणार नाही, काम लवकर व्हावं म्हणून दिलेली किरकोळ रक्कमही चालणार नाही, आणि वाटलं तर कंपनी तुमची खाती तपासेल. तुम्ही विचारता, "इथं साध्या दाखल्याला चहापाणी लागतं. सही केली तर खोटं बोलल्यासारखं, नाही केली तर ऑर्डर जाणार. आणि संयुक्त राष्ट्रांचे करार, देशोदेशींच्या परिषदा, यांचा आमच्यासारख्याला उपयोग काय?"

निर्यातदारांचे करार, कागदपत्रं आणि हिशेबाची घडी बसवणं हे माझं काम. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतले लहान-मध्यम कारखानदार हे माझे बहुतेक अशील. तुमच्यासारखा कागद घेऊन येणारे अलीकडे वाढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सही करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुमची खरी अडचण सहीची नाही. फाइल कुणाच्या तरी टेबलावर अडून बसली आहे, कंटेनर दोन दिवसांत निघायचा आहे, उशीर झाला तर ग्राहक दंड लावणार आहे, आणि त्या टेबलासमोर तुम्ही एकटे उभे आहात. अशा वेळी नाही कसं म्हणायचं, हा तुमचा प्रश्न आहे. आपल्याकडे माणूस लाच देतो तो बहुतेकदा वेळ विकत घेण्यासाठी. काम नियमानं होणारच असतं, ते आज व्हावं म्हणून पैसे जातात. ज्याच्या गाठीशी वेळ आहे आणि ज्याच्या पाठीशी माणसं आहेत, तोच नाही म्हणू शकतो. पुढचं सगळं उत्तर याच दोन गोष्टींभोवती आहे.

काही बाबी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील, त्या आधीच सांगतो. ग्राहक कुठल्या देशातला, त्याचे शेअर कुठल्या बाजारात नोंदलेले, तुमची फर्म भागीदारीत आहे की कंपनी आहे, सरकारी कार्यालयात तुम्ही स्वतः जाता की एजंट जातो, आणि पैसे मागितले ते कायदेशीर काम लवकर करण्यासाठी की एखादी त्रुटी झाकण्यासाठी, यावर उत्तर बदलतं. शेवटचा मुद्दा नीट तपासा. तुमच्याकडेच प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची अट मोडली गेली असेल आणि ती दिसू नये म्हणून पैसे जात असतील, तर आधी ती अट पुरी करा. तिथं खंडणीची तक्रार करायला जागा राहत नाही.

आता हा कागद तुमच्यापर्यंत आला कसा? जर्मन माणूस जन्मजात प्रामाणिक आणि आपण तसे नाही, असं काही लोक म्हणतात, ते मनातून काढून टाका. १९९९ पर्यंत जर्मनीत परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता येत असे. अमेरिकेनं १९७७ मध्येच परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्याविरुद्ध कायदा केला होता, पण तिथल्या कंपन्यांची वर्षानुवर्षं तक्रार होती की आम्ही हात बांधून बसतो आणि युरोपातले ऑर्डर घेऊन जातात. तक्रार खरी होती. एकट्या देशानं नियम पाळले तर त्याचाच धंदा बुडतो, म्हणून सगळ्यांनी एकदम पाळायचं ठरलं. डिसेंबर १९९७ मध्ये श्रीमंत औद्योगिक देशांच्या ओईसीडी या संघटनेत परदेशी लाचखोरीविरुद्ध करार झाला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये तो लागू झाला. जर्मनीतली ती करसवलत त्याच सुमाराला गेली.

तरी कागदावरचा कायदा दुकानापर्यंत यायला धक्का लागला, तो सीमेन्स या बड्या जर्मन कंपनीच्या प्रकरणाचा. अनेक देशांत कंत्राटं मिळवण्यासाठी दिलेल्या लाचेबद्दल डिसेंबर २००८ मध्ये या कंपनीनं अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १.६ अब्ज डॉलर भरले. दोन्ही देशांच्या तपासयंत्रणांनी पुरावे एकमेकांना दिले, एकाच दिवशी प्रकरणं मिटवली. तुमच्या ग्राहकाच्या संचालक मंडळाला झोप लागू देत नाही ती ही गोष्ट. लाचेचे बरेच पैसे कंपनीचा साहेब स्वतः द्यायला गेला नव्हता. सल्लागार, दलाल, मध्यस्थ यांच्या बिलांतून ते गेले. त्यानंतर ब्रिटननं २०१० चा लाचविरोधी कायदा जुलै २०११ पासून लागू केला. तिथं तर 'आमच्या वतीनं कुणी लाच दिली हे आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव चालत नाही. लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था आम्ही केली होती, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. ती व्यवस्था दाखवायची म्हणजे पुरवठादाराकडून लिहून घेतलेलं हवं. बर्लिन किंवा लंडनमध्ये ठरलेली गोष्ट कागलच्या वेशीपर्यंत येते ती या वाटेनं.

आपला देशही यात मागे राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार २००३ मध्ये मंजूर झाला; भारतानं त्यावर डिसेंबर २००५ मध्ये सही केली आणि मे २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. या करारात खासगी उद्योगांसाठी आणि नागरिकांच्या सहभागासाठी वेगवेगळी कलमं आहेत, म्हणजे हे काम एकट्या सरकारच्या हातून होणार नाही हे मूळ करारातच मान्य केलं आहे. त्यानंतर २०१८ मध्ये आपला १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला. हा बदल आपल्याकडच्या निम्म्या कारखानदारांपर्यंत अजून पोहोचलेला नाही, म्हणून इथं थोडा थांबतो.

पूर्वी लाच दिल्याचं तक्रारदारानं स्वतः कबूल केलं तरी त्या जबाबावरून त्याच्यावर खटला चालत नसे. जुनी माणसं अजून म्हणतात, "घेणारा अडकतो, देणारा सुटतो." आता तसं नाही. कलम ८ नुसार लाच देणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर संरक्षण आहे, पण दिल्यापासून सात दिवसांच्या आत तपासयंत्रणेला कळवलं तरच. आधी कळवून, सापळ्यासाठी म्हणून पैसे दिले तर गुन्हा लागत नाही. कलम ९ पुढे जातं. तुमच्या फर्मशी संबंधित माणसानं, मग तो कामगार असो की कमिशनवरचा एजंट, फर्मच्या फायद्यासाठी लाच दिली तर फर्मही दोषी ठरते. फर्मनं पुरेशी प्रतिबंधक व्यवस्था ठेवली होती हे दाखवता आलं, तरच ती सुटते. भागीदारी फर्मही यात येते. संचालकाच्या संमतीनं झालं असेल तर त्याला वेगळी शिक्षा आहे. म्हणजे जर्मन कंपनी तुमच्याकडून जे लिहून मागते आहे, ते इथला कायदा तुमच्याकडून आधीच मागतो. सही केल्यानं तुमच्यावर नवं ओझं फार थोडं येतं. जे आहे ते फक्त डोळ्यांसमोर येतं.

प्राप्तिकराचंही तेच. गुन्ह्यासाठी केलेला खर्च वजा होत नाही, आणि २०२२ पासून हे परदेशातल्या कायद्यानं गुन्हा ठरणाऱ्या खर्चालाही लागू आहे, असं कायद्यात स्पष्ट केलं आहे.

आता तुमच्या ऑफिसातलं बघू. माझ्या अनुभवात मालक स्वतः पाकीट देतो असं क्वचित होतं. पैसे जातात ते बिलातून. सीएचएचं, म्हणजे कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटाचं, बिल येतं, त्यात क्लिअरिंगची रक्कम, वाहतूक, आणि खाली एक ओळ 'इतर खर्च'. परवाने काढून देणाऱ्या सल्लागाराचं बिल येतं, सरकारी फी दोन हजार आणि 'लायझनिंग' अठरा हजार. फॅक्टरी मॅनेजर महिन्याला 'किरकोळ' म्हणून व्हाउचर काढतो, पावती नसते. मालक म्हणतो मला काय माहीत. पण त्या ओळीचा अर्थ मालकाला ठाऊक असतो, सल्लागाराला ठाऊक असतो, आणि जर्मनीहून आलेल्या तपासनिसाला तर पहिल्या तासात कळतो. शिरोलीतल्या एका कारखान्याची तपासणी मी जवळून पाहिली. ग्राहकाकडून तपासायला आलेल्या बाईंनी कास्टिंगची गुणवत्ता नंतर पाहिली. आधी वर्षभराची एजंटांची बिलं मागवली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, या पैशाच्या बदल्यात त्यांनी काय काम केलं ते दाखवा.

म्हणून सही करण्याआधी गेल्या वर्षाची अशी सगळी बिलं एका टेबलावर काढा. प्रत्येक एजंटाला पत्र द्या. सरकारी फी पावतीसह वेगळी, तुमचा मेहनताना वेगळा आणि आधी ठरलेला, 'इतर' नावाची ओळ चालणार नाही, आमच्या वतीनं कुणालाही गैरमार्गानं पैसे द्यायचे नाहीत, दिल्याचं कळलं तर काम बंद. काही एजंट हे पत्र वाचून निघून जातील. जाऊ द्या. जे थांबतात त्यांचा मेहनताना थोडा वाढवावा लागतो, कारण त्यांना आता रांगेत उभं राहावं लागतं, तीनदा फेऱ्या माराव्या लागतात. हा खर्च मान्य करा आणि तुमच्या भावात धरा. रोख व्हाउचरला मर्यादा घाला. मॅनेजरला तोंडी न सांगता लिहून द्या की पैसे न दिल्यामुळे काम उशिरा झालं तर त्याच्यावर ठपका येणार नाही. हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मालक वरून म्हणतो लाच द्यायची नाही आणि खालून विचारतो कंटेनर का थांबला. मग मॅनेजर बिचारा काय करणार?

हे सगळं केलं तरी टेबलासमोरचा एकटेपणा जात नाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा उपयोग काय याचं, खरं उत्तर मला इथंच दिसतं. त्यासाठी आपल्या धंद्याच्या जवळचं उदाहरण घेतो, जहाजांचं.

बंदरात आलेल्या जहाजाकडे अधिकारी सिगारेटची खोकी, दारू, डॉलर मागतात ही जगभरची जुनी तक्रार. नाही म्हटलं तर काहीतरी खुसपट काढून जहाज थांबवून ठेवायचं, आणि मोठं जहाज एक दिवस थांबलं तर नुकसान लाखांत. कप्तान एकटा काय करणार? २०११ मध्ये काही जहाज कंपन्यांनी मिळून भ्रष्टाचारविरोधी सागरी नेटवर्क उभं केलं. धंद्यात एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या एकत्र बसल्या. कुठल्या बंदरात, कुठल्या कामासाठी, काय मागितलं गेलं, याची नोंद कप्तानांनी नाव न देता एका ठिकाणी करायची, एवढ्यापासून सुरुवात झाली. हजारो नोंदी जमल्यावर चित्र दिसू लागलं. अर्जेंटिनात धान्य भरण्याआधी जहाजाचे कप्पे स्वच्छ आहेत की नाही याची तपासणी होते. तिथला निरीक्षक कप्पा 'अस्वच्छ' ठरवून पैसे मागायचा, आणि स्वच्छतेची व्याख्या त्याच्या मर्जीवर होती. नेटवर्कनं तिथल्या सरकारशी, स्थानिक संस्थांशी बसून तपासणीचे नियमच बदलून घेतले. निकष लिहिले, नोंदी संगणकावर आल्या, वाद झाला तर वर दाद मागायची सोय झाली. त्यानंतर अशा मागण्यांच्या नोंदी नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्याचं नेटवर्कनं सांगितलं आहे. सुएझ कालव्यात सिगारेटच्या खोक्यांना सगळ्या कंपन्यांनी एकदम नाही म्हणायचं ठरवलं. आपल्याकडे २०१९ मध्ये मुंबई आणि न्हावा शेवापासून कप्तानांसाठी मदतकक्षाचं काम सुरू झालं. तुमचा कंटेनर त्याच न्हावा शेव्यातून जाणार आहे.

यात कुठलीही जादू नाही. कंपन्यांनी माहिती एकत्र केली, सरकारनं नियमातली मर्जी काढून टाकली, बाहेरच्या संस्थांनी लक्ष ठेवलं. तिघांपैकी एक जरी नसता तर काम झालं नसतं. एकट्या कंपन्या असत्या तर त्यांनी नुसत्या तक्रारी केल्या असत्या. एकट्या सरकारनं केलं असतं तर परिपत्रक निघालं असतं आणि कपाटात गेलं असतं.

अशा कामाला पैसा कुठून येतो याचंही एक उत्तर सीमेन्सकडेच आहे. २००९ मध्ये जागतिक बँकेशी झालेल्या तडजोडीत कंपनीनं पंधरा वर्षांत १० कोटी डॉलर भ्रष्टाचारविरोधी कामासाठी द्यायचं मान्य केलं, आणि त्यातून अनेक देशांत उद्योग, सरकार आणि स्वयंसेवी संस्थांचे असे एकत्रित उपक्रम उभे राहिले. जागतिक बँकेची आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. तिच्या कर्जातल्या कामात गैरप्रकार करून काळ्या यादीत गेलेल्या कंपनीला, ठरावीक अटींखाली, आशियाई विकास बँकेसह इतर चार बँकाही बंदी घालतात. २०१० पासून त्यांचा तसा आपापसात करार आहे. उद्या तुमचे पंप पाणीपुरवठ्याच्या अशा एखाद्या योजनेत गेले तर हे लक्षात ठेवा.

मग कोल्हापुरात काय करता येईल? आपल्याकडे संघटनांची उणीव नाही. गोकुळ शिरगावच्या कारखानदारांची गोशिमा आहे, शिरोलीची स्मॅक आहे, इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, फौंड्रीवाल्यांची संघटना आहे. वीजदर वाढले की सगळे एकत्र येतात, मोर्चा काढतात. तसं चिरीमिरीबाबत का होत नाही? कारण प्रत्येकाला वाटतं हे आपलं खासगी गुपित आहे. प्रत्यक्षात सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं. मी संघटनांच्या बैठकीत एकच मागणी करत आलोय. सभासदानं स्वतःचं किंवा अधिकाऱ्याचं नाव न देता नोंद करायची, कुठल्या कामाला किती दिवस लागले, नियमानं किती लागायला हवेत, काही मागणी झाली का. सहा महिन्यांच्या नोंदी घेऊन संघटनेनं जिल्हा प्रशासनापुढे बसायचं. एका माणसाची तक्रार म्हणजे वैर. पन्नास कारखान्यांचा तक्ता मांडला की चर्चा कामावर येते. लोकसेवा हक्काचा २०१५ चा कायदा आपल्याकडे आहेच. त्याखाली अधिसूचित केलेल्या सेवेला मुदत ठरलेली आहे, मुदत टळली तर अपील आहे, जबाबदार अधिकाऱ्याला दंडाची तरतूद आहे. माहितीचा अधिकार तर महाराष्ट्रात केंद्राच्या आधी, २००२ मध्येच कायद्यात आला. ही हत्यारं सामान्य माणसांनी आंदोलनं करून मिळवली आहेत. उद्योजकांनी ती वापरायला लाजू नये.

आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत उणिवाही आहेत, त्या लपवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या करारात देश एकमेकांची तपासणी करतात, पण पूर्ण अहवाल प्रसिद्ध करणं त्या त्या देशाच्या मर्जीवर आहे. सारांश तेवढा सक्तीनं बाहेर येतो. ओईसीडीच्या करारात भारत नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी १९७७ च्या त्या कायद्याची अंमलबजावणीच काही महिन्यांसाठी थांबवली, जूनमध्ये नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. तेव्हा मला अनेकांनी विचारलं, मग आता आपणही सैल सोडायचं का? कायदा रद्द झालेला नाही, आणि जुनी प्रकरणं पुढे कितीतरी वर्षं उघडता येतात. शिवाय त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या यंत्रणांनी लाचखोरीच्या तपासासाठी संयुक्त कृतिदल जाहीर केलं. एका देशानं हात सैल केला तरी दुसऱ्यानं धरून ठेवावं, यासाठीच तर हे सहकार्य उभं केलं आहे. आणि मुख्य म्हणजे आपलं कलम ८ वॉशिंग्टनच्या आदेशानं बदलत नाही.

आता ग्राहकाला उत्तर काय लिहायचं. कागद पूर्ण वाचा, इंग्रजी अवघड वाटलं तर वकिलाकडून समजून घ्या. सही करताना सोबत एक पानाचं पत्र जोडा. त्यात लिहा की आम्ही ही अट मानतो, आमच्याकडे एजंटांची यादी आणि त्यांच्याशी केलेले करार आहेत, आणि सरकारी कामात गैरमागणीमुळे उशीर झाला तर आम्ही तुम्हाला लगेच लेखी कळवू. अशा प्रसंगी पुरवठ्याची मुदत वाढवून मिळावी आणि दंड लागू नये. ही मागणी करायला कचरू नका. लाच देऊ नका म्हणणाऱ्याने त्यातून होणाऱ्या उशिराचा भारही वाटून घेतला पाहिजे. मी सुचवल्यावर काही अशिलांनी हे लिहिलं आणि ग्राहकांनी मान्य केलं. काहींनी मुदत दिली नाही, पण त्यांच्या मुख्य कार्यालयातून इथल्या संबंधित खात्याला चौकशीचं पत्र गेलं आणि फाइल हलली. खाती तपासण्याच्या कलमात 'या ऑर्डरशी संबंधित' हे शब्द घालून घ्या, नाहीतर तुमच्या इतर ग्राहकांचे भावही त्यांना दिसतील.

जिवाची किंवा मारहाणीची धमकी असेल तर पैसे देऊन बाजूला व्हा आणि सात दिवसांच्या आत तक्रार नोंदवा, ग्राहकालाही कळवा. एरवी मागणी झाली की तारीख, वेळ, काय म्हटलं ते त्याच दिवशी वहीत लिहा, त्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठांना ईमेल करा, आणि गरज पडली तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला फोन करा. संघटनेच्या पदाधिकाऱ्याला सोबत घेऊन गेलात तर उत्तम.

आणि हे सगळं पेलण्यासाठी हाताशी वेळ ठेवा. या आठवड्यात एक काम करा. तुमचे सगळे परवाने, संमतीपत्रं, वजनकाट्याचं प्रमाणपत्र, अग्निशमन दाखला, विमा, प्रत्येकाची मुदत एका कागदावर काढून ऑफिसच्या भिंतीवर लावा. नूतनीकरणाचा अर्ज नियमानं परवानगी असेल त्या पहिल्याच दिवशी टाका आणि पोच घ्या. मुदत संपायला चार दिवस उरलेत अशा अवस्थेत गेलात तर मागणी येणारच, आणि तेव्हा माझा कुठलाही सल्ला तुमच्या उपयोगी पडणार नाही.